ॲलिसनची गोष्ट, पण कुणी सांगितलेली?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मागच्या शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर आपण नकला केल्या होत्या, आठवतं ना? एका गटानं म्हातारा नवरा आणि तरुण बायको असा प्रवेश बसवला होता. नवरा खोकत खोकत बाजारातून येतो, बायको शेजारच्याला कणगीत लपवते आणि नवरा दमून त्या कणगीलाच टेकून बसतो. आपण सगळ्या पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत एकीनं विचारलं, "काल आपण नेमकं कुणाला हसलो?" आणि त्यावरून जी वादावादी झाली ती अजून मिटलेली नाही. काहीजणींचं म्हणणं, बाई हुशार दाखवली, तिला तिची स्वतःची इच्छा आहे हे दाखवलं, मग बिघडलं कुठं? दुसऱ्यांचं म्हणणं, बाई म्हणजे लबाड, बाई म्हणजे फसवी हे तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय, तेच आपण आपल्या तोंडानं म्हटलं. मी तेव्हा मध्येच एक जुनी इंग्रजी गोष्ट सांगायला लागले, ती अर्धवट राहिली, आणि त्याची शिक्षा म्हणून आज मला उभं केलंय. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे ही गोष्ट माझ्या रोजच्या दळणातली. तरी ती आपल्या बैठकीत सांगायची म्हटल्यावर मला पुन्हा वाचावी लागली, आणि वर्गात शिकवताना कधी न दिसलेलं बरंच काही दिसलं.

गोष्ट चॉसरची. जेफ्री चॉसर हा इंग्लंडचा कवी, १४०० साली वारला. आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत त्यानं 'कँटरबरी टेल्स' लिहिलं, तेही पुरं झालं नाही. आपल्याकडे दिंडी निघते तशी काही माणसं लंडनहून कँटरबरीला एका संताच्या समाधीच्या दर्शनाला निघालेली आहेत. सरदार, साधू, व्यापारी, स्वयंपाकी, विणकाम करणारी बाई, सगळे एकत्र. वाट सरावी म्हणून प्रत्येकानं गोष्टी सांगायच्या असं ठरतं. पहिली गोष्ट सरदार सांगतो. मोठी, भारदस्त. दोन राजपुत्र एका राजकन्येला खिडकीतून पाहतात आणि तिच्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. तिची इच्छा काय? ती देवीपुढे उभी राहून सांगते की मला लग्नच करायचं नाही, मला रानात मोकळं हिंडायचंय. देवी तिला सांगते, तुझं लग्न ठरलेलं आहे. एक राजपुत्र मरतो, दुसऱ्याशी तिचं लग्न लावून देतात. सगळे म्हणतात, वा, काय थोर गोष्ट!

यानंतर मठातल्या साधूची पाळी, पण मध्येच एक गिरणीवाला उठतो. गिरणीवाला म्हणजे पाणचक्कीवर लोकांचं धान्य दळून देणारा. दारू प्यायलेला, आडदांड, डोक्यानं धडक देऊन दार फोडणारा. तो म्हणतो, आता माझी गोष्ट ऐका. लोक नको नको म्हणतात, तो ऐकत नाही. इथं चॉसर स्वतः पुढं येऊन हात झटकतो. मी आपला जसं ऐकलं तसं सांगतोय, दोष माझा नाही, आवडत नसेल तर पान उलटा आणि दुसरी गोष्ट वाचा. हे वाचताना मला आपले विनोदी नट आठवतात. 'आम्ही फक्त पात्र करतो हो, समाजच असा आहे.'

आता गोष्ट. ऑक्सफर्डमध्ये जॉन नावाचा एक सुतार आहे. पैसेवाला, म्हातारा, घरात भाडेकरू ठेवणारा. त्यानं नुकतंच लग्न केलंय. बायको ॲलिसन, वय १८. तो तिच्यावर जिवापाड प्रेम करतो आणि तितकाच संशयही घेतो, म्हणून तिला पिंजऱ्यात ठेवल्यासारखी ठेवतो. घरात निकोलस नावाचा एक विद्यार्थी भाड्यानं राहतो. ज्योतिष शिकलेला, गोडबोल्या, गाणारा. आणि गावातल्या चर्चमध्ये ॲब्सलन नावाचा एक कारकून आहे. कुरळे सोनेरी केस, नक्षीचे बूट, लाल मोजे. चर्चमध्ये धूप फिरवता फिरवता तो बायकांकडे बघत असतो.

नवरा लाकडाच्या कामासाठी बाहेर गेलेला असताना निकोलस ॲलिसनला गाठतो. तिचं मन जमतं आणि दोघं मिळून नवऱ्याला गुंगवायचं ठरवतात. निकोलस दोन दिवस खोलीत दार लावून मुकाट बसतो. म्हातारा बिचारा घाबरतो, पोरगा मेला की काय म्हणून नोकराकडून दार उचकटून काढतो. निकोलस त्याला सांगतो, मी ग्रह बघितलेत, येत्या सोमवारी रात्री नोहाच्या वेळेपेक्षा दुप्पट मोठा प्रलय येणार. वाचायचं असेल तर कणीक मळायच्या तीन मोठ्या काठवटी आढ्याला टांग, तिघं तीन काठवटींत बसू, पाणी चढलं की दोर कापून तरंगत जाऊ. आणि हो, नवराबायकोनं त्या रात्री लांब लांब राहायचं. म्हातारा सगळं स्वतःच्या हातानं करतो, शिड्याही स्वतःच बनवतो, दमतो आणि प्रार्थना पुटपुटत काठवटीत झोपून जातो. ही दोघं शिडीवरून गुपचूप खाली उतरतात.

त्याच रात्री ॲब्सलन खिडकीशी येतो. तोंडाला वास यावा म्हणून वेलची चघळत. एक मुका दे म्हणतो. ॲलिसन म्हणते, जा, नाहीतर दगड मारीन. तो जात नाही. मग अंधारात ती खिडकीतून तोंडाऐवजी ढुंगण बाहेर काढते, आणि तो तिथं मुका घेतो. ती खुदकन हसून खिडकी लावून घेते. तो चिडून लोहाराकडे जातो, नांगराचा तापून लाल झालेला लोखंडी तुकडा घेऊन परत येतो. या वेळी निकोलसला वाटतं आपणही गंमत करावी, म्हणून तो ढुंगण बाहेर काढतो आणि तापलेलं लोखंड त्याला बसतं. तो 'पाणी! पाणी!' ओरडतो. वर म्हाताऱ्याला वाटतं, आला प्रलय. तो दोर कापतो आणि धाडकन खाली जमिनीवर. हात मोडतो. शेजारी जमतात. ॲलिसन आणि निकोलस सगळ्यांना सांगतात, याला वेड लागलंय, प्रलय येणार म्हणून हा आढ्याला लटकला होता. म्हातारा खरं सांगतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. गाव हसतं. गोष्ट संपली.

तुम्ही आत्ता हसलात, मलाही दर वेळी हसू येतं. रचना म्हणून गोष्ट फार पक्की आहे. एका 'पाणी' या शब्दावर सगळे धागे एकत्र येतात.

आता माणसं बघू. या जातीच्या गोष्टींना फ्रेंचमध्ये फॅब्लियो म्हणतात. बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या अशा दीडशेच्या आसपास फ्रेंच गोष्टी शिल्लक आहेत. त्यांतली माणसं साच्यातली असतात. म्हातारा नवरा, कामातुर बायको, धूर्त विद्यार्थी किंवा पाद्री. ही माणसं कशी दिसतात, काय विचार करतात यावर कुणी शब्द खर्च करत नाही, कारण गोष्ट पुढं पळवायची असते. चॉसर मात्र थांबतो. गोष्ट साडेसहाशेहून जास्त ओळींची, आणि त्यातल्या जवळजवळ चाळीस ओळी एकट्या ॲलिसनच्या वर्णनाला. आमचे प्राध्यापक सांगायचे, बघा, चॉसरनं साच्यातल्या बाईला जिवंत केलं. मीही अनेक वर्षं हेच सांगत आले.

पण ते वर्णन करतो कशाकशानं? ती मुंगसासारखी सडपातळ. बहरलेल्या नासपतीच्या झाडापेक्षा देखणी, मेंढ्याच्या लोकरीपेक्षा मऊ. टांकसाळीतल्या नव्या कोऱ्या सोन्याच्या नाण्यापेक्षा तिचा रंग झळझळीत. कोठारावर बसलेल्या पाकोळीसारखा आवाज. करडासारखी, वासरासारखी उड्या मारणारी. तोंड गोड, मधाच्या दारूसारखं, गवतात पिकायला घातलेल्या सफरचंदांसारखं. शिंगरासारखी अवखळ. कंबरेचा पट्टा, पांढरंशुभ्र एप्रन, काळ्या रेशमाचं भरतकाम, कमी केलेल्या भुवया, ढालीच्या मधल्या फुगवट्याएवढं ब्रूच, पोटऱ्यांपर्यंत बांधलेले बूट, सगळं नजरेनं वरपासून खालपर्यंत नोंदलेलं. आणि शेवटी काय, तर अशी पोरगी एखाद्या जमीनदारानं शेजेवर घ्यावी, किंवा एखाद्या बऱ्या शेतकऱ्यानं लग्न करून घरी न्यावी. म्हणजे मोठ्या माणसासाठी शेज आणि मधल्या माणसासाठी लग्न, असे भाव ठरवूनच वर्णन संपतं. बाजारात जनावर बघताना दात, खूर, शेपूट बघून शेवटी किंमत बोलतात, तसं.

आता निकोलसचं वर्णन बघा. त्याची खोली येते, उशाशी मांडलेली पुस्तकं, ज्योतिषाची यंत्रं, हिशेबाचे खडे, वाद्य, तो कुठलं गाणं गातो, त्याचा खर्च कोण चालवतं. जॉनचं वर्णन येतं ते त्याच्या धंद्यानं, पैशानं आणि भीतीनं. या दोघांना आतून एक खोली आहे, ॲलिसनला नाही. तिला काय येतं? दिवसभर ती काय करते? अख्ख्या गोष्टीत याचा उल्लेख मला फक्त एका ठिकाणी सापडला. सणाच्या दिवशी ती चर्चला निघते तेव्हा तिचं कपाळ लखलखत असतं, कारण काम हातावेगळं करून तिनं ते धुतलेलं असतं. एवढंच. कसलं काम, ते नाही. सुताराच्या घरात भाडेकरू जेवायला असताना अठरा वर्षांची बायको काय काम करत असेल ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. त्या कणीक मळायच्या काठवटीच बघा. प्रलयासाठी नवरा त्या बाहेरून मागवतो, पण घरातली काठवट रोज कुणाच्या हातात असते?

ॲब्सलनचं वर्णन मात्र गमतीचं आहे. केस, कपडे, बूट, नाजूकपणा, नाच. म्हणजे ॲलिसनचं केलं तसंच, बाहेरून. तो पुरुष असून त्याला बायकांसारखा रंगवला म्हणून तो हास्यास्पद. आपल्या तमाशातल्या नाच्याकडे बघून प्रेक्षक हसतात त्यातला काही भाग हाच आहे. बायकीपणा बाईत असला की माल, पुरुषात असला की विनोद. या मुद्द्यावर आपण स्वतंत्र बैठक घ्यायला हवी, आज इतकंच.

जॉनबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. पहिल्यांदा शिकवताना मी म्हाताऱ्याला खूप झोडपलं होतं. आपल्याला 'शारदा' माहीत आहे, १८९९ सालचं देवलांचं नाटक. त्यातला म्हातारा नवरदेव आपल्या डोक्यात पक्का बसलेला. जॉन त्याच जातीचा, म्हणून मी मोकळी झाले. पण प्रलय येणार हे ऐकल्यावर या माणसाच्या तोंडून पहिलं काय निघतं? माझं घर नाही, माझे पैसे नाहीत. माझी बायको, ती बुडेल का? माझी ॲलिसन! चारी माणसांत दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारा हा एकटाच. निकोलस दोन दिवस दिसला नाही तेव्हाही तोच घाबरला होता. तरी त्यानं तिला पिंजऱ्यात ठेवलं होतं, हेही खरंच. प्रेम करणारा आणि कोंडून ठेवणारा माणूस एकच असतो, हे आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीजणी सांगतात. 'तसा जीव लावतो हो, पण शेजारी जाऊ देत नाही.' चॉसरनं हे नेमकं पकडलंय, आणि तरी गोष्ट त्याला फक्त मूर्ख ठरवून मोकळी होते.

शेवटही बघा. म्हातारा खरं बोलतो आहे. पण शिकलेले सगळे शिकलेल्याच्या बाजूनं उभे राहतात, सुताराला वेडा ठरवतात, आणि वेड्याची साक्ष कोण घेणार? आपल्यापैकी ज्या कोर्टात, पोलीस ठाण्यात बाईबरोबर गेल्यात त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. नवऱ्याकडचे आधी काय म्हणतात? 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.' इथं ते हत्यार पुरुषावर चाललंय आणि चालवणाऱ्यांत बाई आहे, म्हणून आपण त्याला टाळी द्यायची का, हे मला ठरवता आलेलं नाही.

आता ज्या दोन जागांसाठी मी ही गोष्ट आणली तिथं येते.

पहिली जागा, निकोलस ॲलिसनला पहिल्यांदा गाठतो ती. तो आधी बोलत नाही, विचारत नाही. तो सरळ तिच्या मांड्यांमध्ये हात घालतो आणि मग प्रेमाच्या गोष्टी करतो, हो म्हण नाहीतर मी मरेन. ती काय करते? नाल मारताना अडवलेलं शिंगरू उसळतं तशी उसळते, मान वळवते, सोड मला म्हणते, हात काढ म्हणते, नाहीतर ओरडेन म्हणते. स्पष्ट नकार. आणि लगेच पुढच्या काही ओळींत, त्यानं गयावया केली, गोड बोलला, आणि ती तयार झाली. तो काय गोड बोलला हे कवी सांगत नाही. एवढा शब्दांचा श्रीमंत कवी, आणि नाहीचं हो झालं कसं तेवढं मात्र गिळून टाकलं!

माझ्या वर्गात मुलं इथं हसतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, ती खरंच तयार झाली, की आता घरातच राहतो हा, रोजच गाठणार, म्हणून तयार झाली?" मी तेव्हा सांगितलं, पुढं ती आनंदानं सामील होते, म्हणजे तयार झाली. हे उत्तर मला अजून टोचतं. गोष्टीत ती आनंदानं सामील होते हे खरं आहे. पण तो आनंद गिरणीवाला सांगतोय, आणि ज्यांना सांगतोय त्या घोळक्यात बाया मोजून दोन-चार.

'ओरडेन' या धमकीला त्या काळात एक कायदेशीर वजन होतं. इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या कायद्याच्या ग्रंथात लिहिलंय की बलात्कार झालेल्या बाईनं ताबडतोब जवळच्या गावात जाऊन आरोळी उठवावी, फाटलेले कपडे आणि रक्त तिथल्या भल्या माणसांना दाखवावं. ओरडली नाही तर खटला उभाच राहायचा नाही. हे वाचलं आणि मला आपलं देसाईगंज आठवलं. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आणि ती ओरडली नाही. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली चार कायद्याच्या अभ्यासकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात शब्दांत यायला २०१३ साल उजाडलं. ॲलिसनची आरोळी निघालीच नाही. निघते ती शेवटी, रस्त्यावर, निकोलसच्या जोडीनं, नवऱ्याला वेडा ठरवताना. बाईची आरोळी खोटी असू शकते हे गोष्टीत आपोआप सिद्ध होऊन बसलं.

दुसरी जागा ते तापलेलं लोखंड. गोष्टीत शिक्षा तिघांना होते. म्हाताऱ्याचा हात मोडतो, निकोलस भाजतो, ॲब्सलनची फजिती होते. ॲलिसनला काहीच होत नाही. यावर खूप लिहिलं गेलंय. मध्ययुगातल्या गोष्टीत व्यभिचारी बाई सुटते, म्हणजे चॉसर बायकांच्या बाजूचा, वगैरे. पण ॲब्सलन ते लोखंड कुणासाठी घेऊन आला होता? ॲलिसनसाठी. अंधारात खिडकीतून जे बाहेर येईल ते तिचंच असणार असं धरून तो आला होता. हातात लोखंड, आणि ओठांवर गोड बोलणं. तुझ्यासाठी आईनं दिलेली अंगठी आणलीय, एक मुका दे. ती वाचली ते निकोलसला ऐन वेळी चेष्टेची लहर आली म्हणून. कवीला तिची दया आली असेल, पण गोष्टीतल्या पुरुषाच्या हातात तर जाळायचं हत्यारच होतं. नाही म्हणणाऱ्या मुलीला जाळायला निघालेल्या माणसाला आपली वर्तमानपत्रं एकतर्फी प्रेम म्हणतात. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला पेटवून दिलं, तेव्हाही हाच शब्द छापला होता. मी ही गोष्ट इतकी वर्षं शिकवली आणि त्या लोखंडाकडे कधी या डोळ्यांनी पाहिलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. गोष्ट इतक्या वेगानं पळते की आपण ढुंगणाला चटका बसला म्हणून हसतो, आणि चटका कुणाला बसणार होता हे विचारायला सवडच मिळत नाही.

याच कथेचं एक जुनं डच रूपही आहे. त्यात बाई अँटवर्पमधली एक वेश्या, तिचं स्वतःचं घर, आणि एका रात्रीत तीन गिऱ्हाइकं. तिथं काठवटीत लटकतो तो गिरणीवाला, प्रलयाची थाप मारतो तो पाद्री, आणि फसतो तो लोहार. नवरा नाहीच. चॉसरच्या गोष्टीत मात्र बाई कुणाची तरी आहे, म्हणून सगळी चढाओढ तिला एकमेकांकडून हिसकावण्याची होते. गिरणीवाल्यानं गोष्टही एका सुताराला डिवचायला सांगितलेली. घोळक्यातला ऑस्वल्ड नावाचा दिवाणजी मूळचा सुतार. तो चिडतो, आणि लगेच बदला म्हणून गिरणीवाल्याची गोष्ट सांगतो.

ती दिवाणजीची गोष्ट मी कधी पूर्ण शिकवू शकलेले नाही. केंब्रिजजवळचा एक गिरणीवाला दोन विद्यार्थ्यांचं पीठ चोरतो. रात्री ते त्याच्याच घरी झोपतात. त्यांतला एक म्हणतो, कायदाच सांगतो, एका बाजूनं नुकसान झालं तर दुसऱ्या बाजूनं भरपाई घ्यावी. आणि तो गिरणीवाल्याच्या मुलीच्या अंथरुणात शिरतो. ती वीस वर्षांची, गाढ झोपलेली. ती जागी होईपर्यंत ओरडायची वेळ निघून गेलेली असते, हे कवीनंच लिहिलंय. दुसरा पाळणा सरकवून तिच्या आईला अंधारात चुकीच्या बिछान्यात आणतो. पिठाची भरपाई दोन बायांच्या शरीरांतून वसूल. सकाळी ती मुलगी त्या विद्यार्थ्याला निरोप देताना सांगते, तुमच्या पिठाचा भाजलेला पाव दाराआड ठेवलाय, आणि तिला रडू आवरत नाही. वर्गात पोरं इथंही हसतात. ॲलिसनच्या गोष्टीत निदान हसणारी एक बाई होती, इथं तीही नाही.

चॉसरबद्दल आणखी एक, कारण दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच. १३८० सालचा एक कागद आहे. त्यात सेसिली शॉम्पेन नावाच्या बाईनं चॉसरला 'राप्टुस' संबंधीच्या सगळ्या दाव्यांतून मोकळं केलंय. लॅटिन शब्द. त्याचा अर्थ बलात्कारही होतो आणि पळवून नेणंही. एकोणिसाव्या शतकात हा कागद सापडल्यापासून अभ्यासक त्यावर भांडत होते, आणि त्यात चॉसरला वाचवायची धडपड करणारेच जास्त. बायकांच्या चळवळीतल्या अभ्यासकांनी हट्टानं हा प्रश्न जिवंत ठेवला. २०२२ साली युअन रॉजर आणि सेबॅस्टियन सोबेकी या दोघांनी नवे कागद बाहेर काढले. त्यांवरून दिसलं की थॉमस स्टॉन्डन नावाच्या मालकानं सेसिली आणि चॉसर या दोघांवर मजुरांच्या कायद्याखाली दावा लावला होता. तिनं त्याची नोकरी सोडली आणि चॉसरकडे कामाला लागली म्हणून. म्हणजे तो कागद बहुधा त्या भांडणाचा. प्लेगनंतर मजूर मिळेनात तेव्हा कामगारांनी मालक सोडून जाऊ नये म्हणून तो कायदा केला होता. काही लोकांना हे ऐकून हायसं वाटलं, बघा, आमचा कवी निर्दोष. मला वेगळंच वाटलं. एक कामवाली बाई मालक सोडून जाते, मालक तिला कोर्टात खेचतो, आणि आपण तिची नोंद दीडशे वर्षं फक्त एका मोठ्या माणसाच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून वाचत राहिलो. तिनं ती नोकरी का सोडली असेल?

आणि हसण्याचं काय? मैत्रिणींनो, मी ही गोष्ट टाकून द्या म्हणणार नाही. ती पोरगी खिडकीशी हसते ना, ते हसू माझं आवडतं आहे. चर्चच्या कारकुनाला ती नकार देते, दगड मारीन म्हणते, तरी जात नाही म्हटल्यावर त्याला त्याची जागा दाखवते. तेवढा एक क्षण ती कुणाची लोकर नाही, नाणं नाही, शिंगरू नाही. तिचं शरीर तिच्या हातात आहे आणि ती त्याचा वापर एका आगाऊ माणसाची खोड मोडायला करते. मग मात्र गोष्ट तिला सोडून देते. शेवटी गिरणीवाला हिशेब मांडतो तेव्हा कुणाला काय मिळालं याच्या यादीत तिचं नावही नाही. ती सुताराची बायको म्हणून येते, आणि तिच्यावर काय केलं गेलं एवढंच येतं.

तिचं पुढं काय झालं असेल? याच पुस्तकात पुढं एक बाई स्वतःची कहाणी स्वतः सांगते. बाथ गावची, विणकाम करणारी, पाच नवरे झालेली. बाराव्या वर्षी पहिलं लग्न. पहिले तीन नवरे म्हातारे आणि पैसेवाले. पाचवा तिच्या निम्म्या वयाचा, ऑक्सफर्डला शिकलेला, भाड्यानं राहणारा. तो रोज रात्री तिला एक पुस्तक वाचून दाखवतो, त्यात जगातल्या सगळ्या वाईट बायकांच्या गोष्टी. एके रात्री ती त्या पुस्तकाची तीन पानं फाडते. तो तिच्या कानशिलात मारतो आणि ती एका कानानं बहिरी होते. तीच विचारते की सिंहाची चित्रं कोण काढतं, सिंह की माणूस? बायांनी गोष्टी लिहिल्या असत्या तर पुरुषांचं काय काय लिहिलं असतं! तिचं नावही ॲलिसन. तीही लिहिली पुरुषानंच, हे मी विसरलेले नाही. पण वर्गात मी आता दोघी ॲलिसन एकापाठोपाठ एक वाचायला लावते, आधी अठरा वर्षांची आणि मग ही, बहिऱ्या कानाची.

आपल्या नकलेचं बोलायचं तर माझी एकच सूचना आहे. पुढच्या शिबिरात ती नक्कल पुन्हा करू. कणगी, खोकणारा नवरा, सगळं तसंच राहू दे. फक्त या वेळी गोष्ट त्या बायकोनं सांगायची. आणि हो, सुताराच्या घरात जिल नावाची एक मोलकरीणही होती. प्रलयाच्या आधी तिला काहीतरी काम काढून लंडनला पाठवून दिली, कारण तिनं काही बघू नये. तिच्या तोंडून ही गोष्ट कुणाला सांगायची असेल तर दुपारच्या गटात नाव द्या. जेवणानंतर दिवाणजीची गोष्ट मोठ्यानं वाचणार आहोत.